गावकुसाबाहेरील वस्तीचा प्रश्न

समतेसाठी आयुष्य वेचणाऱ्या नेत्याने स्वतंत्र वस्तीची मागणी करावी, हे वरवर पाहता विसंगत वाटते. परंतु जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसवावीत, असा ठराव केला, आणि त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचाच विचार होता. दीक्षाभूमीमुळे नागपूरचे नाव त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. हा ठराव मात्र विस्मृतीत गेला.

या मागणीचे मूळ त्यांच्या जीवनानुभवात सापडते. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. कृष्णवर्णीयांची हार्लेम ही वस्ती तेथून जवळच. १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झालेल्या या विद्वानाला शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून निघावयास लावले. १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर परिषदेच्या प्रतिनिधींना मारहाण झाली.

खेड्यात जमीन, विहीर, मजुरी आणि दुकान स्पृश्यांच्या हाती. पोलीसपाटीलही बहुधा त्यांच्यातलाच. तक्रार करावी तर बहिष्कार ठरलेला. अशा स्थितीत कायद्याने दिलेला हक्क बजावून देणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. अमेरिकेतही कृष्णवर्णीयांना घर न विकण्याच्या खरेदीखतांतील अटी न्यायालयामार्फत अमलात आणणे १९४८ पर्यंत शक्य होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली, ती हे साम्य ओळखूनच.

म्हणूनच ती मागणी विसंगत नव्हती. लादलेला महारवाडा परावलंबनाचा होता; सरकारी पडीक जमिनीवर वसविलेले गाव स्वावलंबनाचे ठरले असते. १९४७ च्या निवेदनात त्यांनी ही मागणी पुन्हा मांडली. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली. स्वतंत्र गावांची तरतूद मात्र झाली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातच त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महानिर्वाण झाले. धर्मांतराने लक्षावधींना स्वाभिमान लाभला. परंतु घर कोठे, जमीन कोणाची आणि दाद कोणाकडे मागायची, हे १९४२ च्या ठरावामागील प्रश्न केवळ त्यांच्या स्मृतीला वंदन करून सुटणारे नाहीत.