प्लेगच्या साथीतल्या सावित्रीमाई

3 जानेवारी जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये सावित्रीमाईंचे बॅनर लागतात. चित्र ठरलेले असते. हातात पुस्तक, मागे भिडेवाडा, समोर मुली. त्यात चूक काहीच नाही. 1848 ची ती शाळा नसती तर हे लिहिणारे आणि वाचणारे आज कुठे असते, हे वेगळे सांगायला नको. पण 10 मार्चला, स्मृतिदिनी, आपण फोटोला हार घालतो आणि त्या कशाने गेल्या हे एका ओळीत उरकतो. वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्हाला मात्र त्या एका ओळीपाशीच थांबावेसे वाटते. माईंचे आयुष्य आरोग्याच्या बाजूने पाहिले, तर 1897 चा प्लेग हा शेवटचा अपघात वाटत नाही. त्याच्या आधी तीस-पस्तीस वर्षांचे काम उभे आहे.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा 1831 चा जन्म, 1840 मध्ये जोतीरावांशी लग्न, पुढे शिक्षण आणि शाळा, हे सगळे तुम्हाला पाठ आहे. आम्ही थेट 1863 वर येतो.

त्या वर्षी पुण्यात काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणुकीतून तिला दिवस गेले होते आणि बदनामीच्या भीतीने तिने जन्मलेले बाळ मारले होते. फसवणारा मोकळा राहिला. यावर फुले दांपत्याने निषेधाची सभा घेतली नाही. आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि शहरात भिंतींवर पत्रके लावली, की विधवांनी इथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे हे तिचे तिने ठरवावे. बाळंतपणे आणि मुलांचा सांभाळ माईंकडे होता. 1884 मध्ये मलबारींच्या टिपणांवर सरकारला मत कळवताना जोतीरावांनी तोवर तिथे आलेल्या विधवांचा आकडा 35 असा दिला आहे. 35 हा आकडा लहान वाटेल, पण त्या काळी त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येण्यासाठी एका विधवेला काय काय ओलांडावे लागत असेल, याचा विचार करा. आजही अविवाहित गरोदर मुलीला सरकारी दवाखान्यात पाठवायचे तर आम्हाला आधी तिथे ओळखीची नर्स शोधावी लागते, कारण केसपेपर काढतानाच चार लोकांसमोर तिला नवऱ्याचे नाव विचारले जाते. माईंच्या घरात तो प्रश्नच नव्हता. आणि या बायका कोण होत्या? ज्या समाजाने माईंच्या अंगावर शेण टाकले, त्याच समाजाच्या लेकी.

अशाच एका काशीबाईचा मुलगा, यशवंत, 1874 मध्ये फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो शिकून डॉक्टर झाला.

मधल्या काळात 1868 मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. आपण तो समतेचा प्रसंग म्हणून सांगतो आणि तो आहेच, पण स्वच्छ पाणी हा आरोग्याचाही पहिला प्रश्न आहे. मग 1876-77 चा दुष्काळ आला. माई जुन्नर-ओतूर भागात सत्यशोधक कार्यकर्त्यांबरोबर होत्या. तिथून त्यांनी एप्रिल 1877 मध्ये जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. सावकारांच्या तक्रारीवरून कार्यकर्ते पकडले गेले तेव्हा माई कलेक्टरपुढे जाऊन बोलल्या. माणसे सुटली, वर चार गाड्या ज्वारी मिळाली. मोर्चा, निवेदन आणि धान्याची गाडी ही कामे एकाच माणसाने केलेली आपल्याकडे फार दिसत नाहीत.

1888 मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला. डॉ. विश्राम रामजी घोले उपचार करत होते, शुश्रूषा माईंकडे होती. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे माईंनी स्वतः धरले, आणि 1893 च्या सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तिथून तो पुण्यात यायला वेळ लागला नाही. 4 फेब्रुवारी 1897 ला सरकारने साथरोग कायदा केला. हाच कायदा 2020 मध्ये कोविडच्या वेळी पुन्हा बाहेर काढला गेला. पुण्यात रँड यांच्या हाताखाली प्लेग समिती आली. घरझडतीसाठी सैनिक 13 मार्चपासून घराघरात शिरू लागले. लोकांना सक्तीने छावणीत नेले जाऊ लागले, मग लोक रुग्ण लपवू लागले. धाक दाखवून रोग बाहेर येत नाही, तो आणखी आत जातो, हे प्रत्येक साथीत दिसते. पुढे रँडचा खून झाला आणि इतिहासाची पुस्तके त्या खुनाभोवतीच फिरत राहिली. त्या काळात आजारी माणसाला पाणी कोण देत होते, हा प्रश्न बाजूला पडला.

याचे उत्तर हडपसरच्या माळावर होते. सैनिक येण्याच्या आधीच माईंनी डॉ. यशवंतला बोलावून घेतले होते आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला होता. गावाबाहेरची मोकळी जागा, हाताशी मुलगा डॉक्टर, आणि रुग्ण आणायला स्वतः माई. इथे थोडे थांबू. दवाखाना उघडून बसणे एक गोष्ट आणि महारवाड्यात जाऊन रुग्ण उचलून आणणे दुसरी. योजना कागदावर असते, अॅम्ब्युलन्स रस्त्यापर्यंत येते, पुढच्या बोळातून माणसाला बाहेर कोणी आणायचे यावर सगळे अडते. हे आम्ही दर पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत पाहतो. माईंच्या कामाचे मोल त्या बोळात कळते.

त्यांना धोका माहीत नव्हता असे नाही. प्लेग पिसवांमधून पसरतो हे सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखवले, हाफकिन यांची लस नुकतीच, जानेवारी 1897 मध्ये, भायखळ्यात आधी स्वतःवर आणि मग तुरुंगातल्या कैद्यांवर तपासली जात होती. रोग कसा लागतो हे कुणाला नीट कळलेले नव्हते, पण लागतो हे सगळ्यांना कळलेले होते. 9 फेब्रुवारीला मुंबईत त्यांचे जुने सहकारी, कामगार चळवळीचे नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनेच गेले होते. त्यानंतरही माई थांबल्या नाहीत. त्या 66 वर्षांच्या होत्या.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळले. माई तिथे गेल्या, त्याला पाठीवर घेतले आणि चालत दवाखान्यात आणले. यशवंतने उपचार केले. मुलगा वाचला. माईंना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. सैनिकांची घरझडती त्यानंतर तीन दिवसांनी सुरू झाली.

पुढच्या एका साथीत रुग्णांवर उपचार करताना डॉ. यशवंतही प्लेगनेच गेला.