साहसाच्या गोष्टी आणि साने गुरुजी

मुलांना साहसाच्या गोष्टी फार प्रिय असतात. लढाया, तुरुंग, पळून जाणारे कैदी, असे काही हाती आले म्हणजे ती जेवणाचीही आठवण ठेवीत नाहीत. अशा वाचनाने मुले बिघडतील की काय, असे भय पुष्कळ आईबापांस वाटते. त्यांच्याकरिता खानदेशात नावारूपास आलेल्या एका शिक्षकाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड गावी झाला. १९२४ साली ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे तेथील छात्रालयाचे कामही त्यांजकडे आले. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांची अंथरुणे आवरीत. आणि ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वहस्ते लिहून मुलांपुढे ठेवीत. त्यानंतर त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही काढिले. आधी सेवा व मग पुस्तक, असा त्यांचा क्रम होता. म्हणूनच मुले त्यांचे लिहिणे आवडीने वाचीत.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनीच लिहून घेतली. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तीत पाण्यास भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारून पोहावयास धाडते, असा प्रसंग आहे. मुलगा भित्रा राहू नये, हीच त्या माउलीची कळकळ. खरे धैर्य प्रीतीच्या पोटी जन्मते, हे मुलाला तेथे उपदेशावाचून कळते.

‘गोड गोष्टी’ या मालेत परदेशच्या कथा त्यांनी मराठी मुलांस सांगितल्या. सोराब आणि रुस्तुम यांच्या कथेत बाप न ओळखता आपल्याच पुत्रास रणांगणात मारतो. तलवारीचा पराक्रम अखेर शोकात बुडतो. ‘दुःखी’ ही व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच ग्रंथकाराच्या कादंबरीवरून घेतलेली कथा. मूळ कथेत भाकरी चोरल्याबद्दल बंदीत गेलेला मनुष्य सुटल्यावर एका बिशपाच्या घरची चांदीची भांडी चोरतो. बिशप त्यास क्षमा करून वर चांदीच्या दीपदान्याही देतो. सूड न घेता क्षमा करणे, याहून मोठे साहस आम्हांस तरी ठाऊक नाही.

गुरुजींनी हे धैर्य स्वतःही दाखविले. पंढरपुरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी दहा दिवस उपोषण केले, व ते खुले झाले. तथापि ११ जून १९५० रोजी खिन्न मनाने त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. त्याचा न्याय करणे आमचे काम नव्हे. जो दुसऱ्यांस धीर देतो त्यालाही धीर देणारा सोबती लागतो, एवढे मात्र आपण विसरू नये.

तर आईबापहो, मुलांच्या हातची साहसाची पुस्तके हिरावून घेऊ नका. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर दिव्यापाशी त्यांच्याबरोबर बसून ती वाचा. आणि या गोष्टीत खरा शूर कोण, हे त्यांनाच विचारा.