रॉबर्ट टॉरेन्स : जमिनीच्या मालकीला एकच पान देणारा माणूस

दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतीचे तिसरे प्रीमियर सर रॉबर्ट रिचर्ड टॉरेन्स 1 सप्टेंबर 1857 रोजी पदावर आले आणि तो महिना सरता सरता पायउतारही झाले. एवढ्याच बळावर त्यांचे नाव आज कुणाच्या स्मरणात राहिले नसते. परंतु सिडनी, मेलबर्न वा पर्थ येथे घर घेतलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांची मालकी ज्या पद्धतीने सिद्ध होते, ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

टॉरेन्स यांचा जन्म 1812 साली आयर्लंडमधील कॉर्क येथे झाला. वडील कर्नल रॉबर्ट टॉरेन्स हे अर्थशास्त्रज्ञ होते आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया वसवण्यासाठी नेमलेल्या आयुक्तमंडळाचे अध्यक्षही. अ‍ॅडलेडमधून वाहणाऱ्या नदीला नाव आहे ते वडिलांचे. मुलाच्या वाट्याला कायदा आला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील शिक्षणानंतर त्यांनी लंडन बंदराच्या जकात खात्यात नोकरी धरली. 1840 च्या अखेरीस ते अ‍ॅडलेडला पोहोचले आणि तेथील जकातप्रमुख झाले. स्वभावाने ते तापट होते. त्यांनी वकिलीचे शिक्षण घेतले नव्हते, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

त्या काळी इंग्रजी कायद्याने जमीन विकणे म्हणजे दस्तांची साखळी तपासणे होते. आजच्या मालकाला कुणी विकली, त्याला कुणी विकली, असे मागे मागे जात प्रत्येक खरेदीखत, गहाणखत आणि मृत्युपत्र वकिलाने वाचायचे. पुढच्या विक्रीच्या वेळी दुसऱ्या वकिलाने तेच काम नव्याने करायचे. मधली एक कडी सदोष निघाली, तर पैसे मोजून घेतलेली जमीन हातची जायची. नव्या वसाहतीत जमिनीची खरेदी-विक्री झपाट्याने होत होती, कागद गहाळ होत होते आणि लहान शेतकऱ्याला हा खर्च परवडत नव्हता.

जहाजाच्या मालकीची नोंद कशी होते, हे टॉरेन्स यांनी जकात खात्यात पाहिले होते. नोंदवहीत ज्याचे नाव, तो मालक. जुने करार चाळण्याची गरज नाही. हाच न्याय जमिनीला लावावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. प्रत्येक तुकड्यासाठी नोंदवहीत स्वतंत्र पान असेल. विक्री, गहाण, भाडेपट्टा त्याच पानावर चढेल आणि नोंद होईल त्या क्षणी हक्क निर्माण होईल. त्या हक्काची हमी सरकार देईल आणि नोंदीच्या चुकीने कुणाचे नुकसान झाले, तर हमी निधीतून भरपाई मिळेल. हॅम्बर्गकडील जर्मन कायदेपंडित उलरिख ह्यूबे यांचा या रचनेत किती वाटा होता, यावर अभ्यासक अद्याप वाद घालतात. कल्पना एकट्या टॉरेन्स यांची नसावी, असेच वाटते. पण ती कायद्यात उतरवण्याची चिकाटी निश्चितच त्यांची होती.

जानेवारी 1858 मध्ये विधेयक मंजूर झाले आणि 2 जुलैला कायदा अमलात आला. टॉरेन्स यांनी विधिमंडळाची जागा सोडून रजिस्ट्रार-जनरलचे पद घेतले. वकील मंडळी बिथरली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश बेंजामिन बूथबी यांनी तर हा कायदाच अवैध ठरवला. अखेर ब्रिटिश संसदेला 1865 मध्ये वसाहतींच्या कायद्यांची वैधता ठरवणारा स्वतंत्र कायदा करावा लागला आणि 1867 मध्ये बूथबी यांना पदावरून दूर करण्यात आले.

इतर वसाहतींनी ही पद्धत उचलली : क्वीन्सलंडने 1861 मध्ये, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया व टास्मानियाने 1862 मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियाने 1874 मध्ये. मात्र प्रत्येकीने कायदा आपापल्या शब्दांत केला आणि नोंदवही आपल्यापाशी ठेवली. 1901 मध्ये संघराज्य झाले तेव्हाही जमीन राज्यांकडेच राहिली. म्हणून एकाच तत्त्वावर चालणाऱ्या, पण एकमेकींशी न बोलणाऱ्या नोंदवह्या देशात तयार झाल्या. त्या जुळवण्याचे काम शतकभर लांबले. मोजणी व नकाशांसाठी आंतरसरकारी समिती 1988 मध्ये आली. इलेक्ट्रॉनिक हस्तांतरासाठी सामायिक कायद्याचा करार राज्यांनी 2011 मध्ये केला. तोही केंद्राने लादलेला नाही, न्यू साउथ वेल्सने 2012 मध्ये मंजूर केलेला मसुदा इतरांनी स्वीकारला. मालकीचे कागदी प्रमाणपत्र दक्षिण ऑस्ट्रेलियात 2016 मध्ये, तर न्यू साउथ वेल्समध्ये 2021 मध्ये कालबाह्य झाले.

टॉरेन्स यांच्या नोंदवहीचे पहिले पान मात्र कोरे नव्हते. अ‍ॅडलेडची भूमी गौर्ना लोकांची होती आणि त्यांचा हक्क कोणत्याही रकान्यात चढला नाही. ज्या व्यवस्थेत जुना इतिहास तपासायचाच नाही, तिथे हा इतिहासही आपोआप बंद झाला. एडी माबो यांच्या खटल्यात 1992 मध्ये उच्च न्यायालयाने मूलनिवासींचा हक्क मान्य केला, तेव्हा त्याच्यासाठी वेगळी राष्ट्रीय नोंदवही उघडावी लागली.

आपल्या गावाकडची जमीन या पद्धतीत बसत नाही, हेही येथे सांगायला हवे. सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी धरली जाते, आणि दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, हक्काची हमी देत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. डी. सी. वाधवा यांनी 1989 मध्ये नियोजन आयोगाला दिलेल्या अहवालात हमीच्या मालकीची शिफारस केली होती. भारतातही जमीन हा राज्यांचा विषय; ती शिफारस देशभर अमलात आलेली नाही.

टॉरेन्स 1863 मध्ये इंग्लंडला परतले आणि 1868 ते 1874 केंब्रिजचे खासदार राहिले. मजुरांच्या घरांविषयीचा 1868 चा ‘टॉरेन्स कायदा’ पुष्कळदा त्यांच्या नावावर खपवला जातो. तो विल्यम टॉरेन्स या दुसऱ्याच खासदाराचा. 1872 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. इंग्लंडनेही नोंदणीची पद्धत स्वीकारावी, यासाठी ते वृद्धपणीही लिहीत राहिले. पण तिथले जमीनदार आणि वकील बधले नाहीत. 31 ऑगस्ट 1884 रोजी फालमथ येथे त्यांचे निधन झाले व डेव्हनमधील ल्यूसडन येथे त्यांना पुरण्यात आले. जमीन विकताना मालकीची नोंद करणे संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समध्ये सक्तीचे झाले ते 1 डिसेंबर 1990 पासून.