पंडिता रमाबाई

भगिनींनो, मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, असे ठरले तेव्हा मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. एवढ्या मोठ्या विदुषीबद्दल लिहिण्याचा माझा अधिकार तो काय? पण जिचे शिकणे राहून गेले, तिलाच विद्येचे मोल अधिक कळते.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले. पुढे त्या माउलीने ते आपल्या लेकीला दिले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरे. दुष्काळ पडला आणि आईवडील, थोरली बहीण अन्नावाचून गेली. दुष्काळ म्हणजे काय, हे आपल्या बीड जिल्ह्यातील बायकांना वेगळे सांगायला नको. उरली भावंडे दोघेच. ती पायी देश फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. पण १८८२ साली तेही पटकीने गेले. पदरी तान्ही मनोरमा होती. रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. कालपर्यंत ज्यांनी त्यांची विद्वत्ता वाखाणली, त्यांतील कितीतरी जण दुरावले.

१८८९ साली त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई तेथेच शिकल्या. १८९३ साली मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा गवगवा झाला आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली घरी नेल्या. बाईंनी काम सोडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन निराधार मुली आणल्या आणि दौंडजवळ केडगावला मुक्ती सदनात ठेवल्या. तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर शेती, विणकाम, छपाई शिकवीत. भुकेली मुलगी आधी जेवावी, मग शिकावी आणि पुढे स्वतःच्या हाताने मिळवून खावी, अशी ती रीत होती.

उतारवयात बाई हिब्रू व ग्रीक शिकल्या. बायबल त्या जुन्या भाषांत असल्याने ते मुळातून वाचून साध्या मराठीत आणायचे, हा त्यांचा ध्यास. आपल्या अंबाजोगाईच्या मुकुंदराजांनी वेदान्त मराठीत आणला, तोही सामान्यांना कळावा म्हणूनच. बाईंचा ग्रंथ केडगावच्या छापखान्यात सदनातील स्त्रियांनी छापला. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेवला.

त्यांचा धर्म सर्वांना मान्य होईल असे नाही. होण्याची गरजही नाही. पण जी विद्या पूर्वी मोजक्या पुरुषांच्या हाती होती, ती त्यांनी टाकलेल्या, उपाशी पोरींच्या हाती दिली.

दसरा झाला की आपल्या गावांतून ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात. थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळायला सोबत जाते. तिचे नाव मात्र शाळेच्या हजेरीपटात राहते. भगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकीने अशा एका मुलीला हंगामभर घरी ठेवून घेतले आणि शाळेत धाडले, तर रमाबाईंचे स्मरण खऱ्या अर्थाने झाले, असे मी समजेन.