लोहाराच्या मुलाची देणगी

लातूर-नांदेडकडे कर्ज काढून घेतलेली विजेवरची स्कूटर भर उन्हाळ्यात घरात चार्जिंगला लावली, की थोडी धाकधूक वाटतेच. लिथियम बॅटरीतला द्रव इलेक्ट्रोलाइट पेट घेऊ शकतो. हा शब्द 1834 मध्ये रूढ केला मायकेल फॅरडे यांनी.

1791 मध्ये लंडनजवळ लोहाराच्या घरी ते जन्मले. शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकले. 1813 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाले. तापवलेले लेड फ्लोराइड घन असूनही वीज वाहून नेते, हे त्यांनीच टिपले. 1867 मध्ये ते गेले.

1970 च्या दशकात पीटर राइट यांना क्षार मिसळलेल्या पॉलिमरमध्ये तोच गुण आढळला. पॉलिमर सांडत नाही, द्रवासारखा चटकन पेटत नाही. मात्र वीज नीट वाहायला त्यालाही ऊब लागते. ती अडचण अजून पुरती सुटलेली नाही. आपल्याकडच्या एखाद्या लोहाराच्या मुलाच्या हाती योग्य पुस्तक पडले, तर?