दम्याचा अटॅक मुद्दाम ओढवून घेणारा डॉक्टर. कोण होते रॉजर अल्टुन्यान?
दम्याचं औषध लागू पडतंय का, हे तपासायला ब्रिटनमधील डॉ. रॉजर अल्टुन्यान वर्षानुवर्षे स्वतःलाच दमा लावून घेत होते. जन्म सीरियातील अलेप्पोचा, १९२२ चा. ‘स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स’ या बालकादंबरीतला धाकटा रॉजर त्यांच्यावरूनच आला! महायुद्धात ते वैमानिक होते.

ॲलर्जीचा दमा त्यांना होताच. १९५६ मध्ये ते औषध कंपनीत रुजू झाले. तिथे खेलिन या वनस्पतीजन्य द्रव्यावरून नवी संयुगं बनत होती. प्राण्यांवरच्या चाचण्यांतून उत्तर मिळेना. मग रॉजर आधी संयुग श्वासातून घ्यायचे, नंतर गिनीपिगच्या केसांचा अर्क. छाती किती आवळली, हे यंत्रावर मोजायचे. अशी शेकडो संयुगं झाली.

१९६५ मध्ये सोडियम क्रोमोग्लायकेट हाती लागलं, १९६८ मध्ये ‘इंटाल’ नावाने बाजारात आलं. आलेला अटॅक ते थांबवत नाही. पेशींतून हिस्टामाइन सुटणंच रोखतं, म्हणून आधी घ्यावं लागतं. पावडर फुप्फुसात पोहोचवणाऱ्या इनहेलरमध्ये चक्क छोटा पंखा होता, विमानासारखा.

१९८७ मध्ये रॉजर यांचं निधन झालं. दम्यासाठी आता स्टेरॉइड इनहेलर पुढे आहेत. डोळ्यांच्या ॲलर्जीवर मात्र क्रोमोग्लायकेटचे थेंब आजही दिले जातात.