डेरेक बेंटली

डेरेक विल्यम बेंटली (जन्म : ३० जून १९३३, लंडन, मृत्यू : २८ जानेवारी १९५३, वाँड्सवर्थ तुरुंग, लंडन) हा एका पोलीस शिपायाच्या खुनाबद्दल फाशी देण्यात आलेला इंग्लिश तरुण होता. ज्या गोळीने त्या शिपायाचा मृत्यू झाला ती बेंटलीने झाडलेली नव्हती. ती झाडली गेली त्या वेळी तो दुसऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात होता. एकाने केलेल्या गुन्ह्यासाठी त्याच्या साथीदाराला कितपत जबाबदार धरावे, या प्रश्नाच्या चर्चेत बेंटलीचा खटला आजही हमखास उल्लेखिला जातो. पंचेचाळीस वर्षांनी, १९९८ साली, त्याची दोषसिद्धी रद्द ठरविण्यात आली.

बालपण

बेंटलीचे कुटुंब श्रमिक वर्गातील होते. लहानपणी त्याच्या डोक्याला दुखापत झाली आणि पुढे त्याला अपस्माराचे झटके येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर झालेल्या बॉम्बवर्षावाची झळ त्याच्या घरालाही पोहोचली. शाळेत त्याची प्रगती जवळजवळ झालीच नाही. १९४८ साली चोरीच्या प्रकरणात सापडल्यामुळे त्याची रवानगी ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूड येथील सुधारशाळेत झाली. तेथे घेतलेल्या चाचणीत त्याचा बुद्ध्यंक ६६ आढळला. पंधरा वर्षांच्या या मुलाचे वाचन चार-साडेचार वर्षांच्या बालकाइतके होते. फाशीच्या आदल्या दिवशी आईवडिलांना पाठविलेले पत्रही त्याला तुरुंगातील कर्मचाऱ्याकडून लिहून घ्यावे लागले, यावरून त्याच्या अक्षरओळखीची कल्पना येते.

१९५० मध्ये घरी परतल्यावर त्याने सामान वाहण्याचे, कचरा उचलण्याचे आणि रस्ते झाडण्याचे काम केले, पण एकही काम टिकले नाही. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी १९५२ साली झालेल्या तपासणीत तो मानसिकदृष्ट्या अपात्र ठरला. याच काळात ख्रिस्तोफर क्रेग या मुलाशी त्याचा स्नेह वाढला. क्रेग वयाने तीन वर्षांनी लहान, परंतु धीट होता आणि त्याला शस्त्रांचे वेड होते. त्याच्या थोरल्या भावाला सशस्त्र दरोड्याबद्दल नुकतीच बारा वर्षांची शिक्षा झाली होती.

२ नोव्हेंबर १९५२ ची रात्र

त्या रविवारी रात्री नऊच्या सुमारास हे दोघे दक्षिण लंडनजवळील क्रॉयडन येथे टॅमवर्थ रोडवरच्या बार्लो अँड पार्कर या मिठाई व्यापाऱ्यांच्या गोदामात चोरी करण्यासाठी गेले. क्रेगजवळ नळी कापून आखूड केलेले रिव्हॉल्व्हर होते. बेंटलीजवळ एक सुरा आणि मुठीत अडकवून प्रहार करण्याचे लोखंडी हत्यार होते. हे हत्यार त्याला क्रेगनेच दिले होते. त्या रात्री बेंटलीने या दोहोंपैकी कशाचाही वापर केला नाही.

फाटकावरून चढणाऱ्या या दोघांना समोरच्या घरातील नऊ वर्षांच्या मुलीने खिडकीतून पाहिले आणि तिच्या घरच्यांनी पोलिसांना कळविले. पोलीस आले तेव्हा दोघेही गोदामाच्या सपाट छपरावर लिफ्टच्या खोलीआड लपलेले होते. फ्रेडरिक फेअरफॅक्स हा गुप्तचर शिपाई पाण्याच्या नळावरून वर चढला आणि त्याने बेंटलीला पकडले. बेंटली क्षणभर त्याच्या हातून निसटला. पोलिसांच्या साक्षीनुसार, त्याच वेळी त्याने क्रेगला उद्देशून एक छोटे वाक्य उच्चारले. लगेच क्रेगने गोळी झाडली आणि ती फेअरफॅक्सच्या खांद्याला चाटून गेली. जखमी अवस्थेतही फेअरफॅक्सने बेंटलीला पुन्हा ताब्यात घेतले.

यानंतर बेंटलीने प्रतिकार केला नाही की पळून जाण्याचा प्रयत्न केला नाही. त्याला बेड्या घातलेल्या नव्हत्या, तरी तो फेअरफॅक्सजवळ थांबून राहिला. दरम्यान गोदामाची किल्ली मिळवून आणखी पोलीस आतल्या जिन्याने वर आले. छपरावर उघडणाऱ्या दारातून सर्वांत पुढे बाहेर पडलेला शिपाई सिडनी माइल्स याच्या डोक्यात गोळी लागली आणि तो जागीच गतप्राण झाला. तो ४२ वर्षांचा होता. बेंटली पकडला गेल्यापासून माइल्सचा मृत्यू होईपर्यंत सुमारे पाव तास गेला होता. गोळ्या संपल्यावर क्रेगने छपरावरून खाली उडी टाकली. त्याच्या पाठीच्या कण्याला व मनगटाला इजा झाली, पण तो वाचला. फेअरफॅक्सला पुढे शौर्यासाठीचे जॉर्ज क्रॉस हे पदक मिळाले.

खटला

इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांच्यासमोर ओल्ड बेली येथील न्यायालयात ९ ते ११ डिसेंबर १९५२ या तीन दिवसांत हा खटला चालला. क्रेग सोळा वर्षांचा होता आणि अठरा वर्षांखालील आरोपीला कायद्याने फाशी देता येत नव्हती. त्यामुळे आरोपींच्या पिंजऱ्यात दोघे उभे असले तरी फासाची छाया एकट्या बेंटलीवरच होती.

त्याच्याविरुद्धचा आरोप समजण्यासाठी तेव्हाचा कायदा ध्यानात घ्यावा लागतो. गुन्ह्याला साहाय्य, चिथावणी, सल्ला किंवा चालना देणाऱ्याला मुख्य गुन्हेगाराप्रमाणेच दोषी धरावे, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८६१ च्या अधिनियमाने पक्के केले होते. त्याशिवाय, कायदेशीर अटकेला हिंसेने विरोध करताना पोलिसाचा जीव गेला तर तो खून समजला जाई. ठार मारण्याचा हेतू वेगळा सिद्ध करावा लागत नसे. गरज पडल्यास अटक टाळण्यासाठी बळ वापरायचे, असे दोघांनी मिळून ठरविले होते एवढे सिद्ध झाले, की गोळी कोणाच्या हातून सुटली हा प्रश्न गौण ठरत होता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३४ मधील समान उद्देशाचे तत्त्व आपल्याकडील वाचकांना परिचित आहे. भारतीय न्याय संहितेत ते कलम ३ च्या पाचव्या उपकलमात आले आहे. दोन्ही कायद्यांची घडण भिन्न असली तरी बेंटलीपुढचा पेच समजण्यास ते तत्त्व उपयोगी पडते.

सरकारपक्षाची भिस्त प्रामुख्याने त्या छोट्या वाक्यावर होती. इंग्रजीत त्या वाक्याचे दोन अर्थ होतात : समोरच्याला ती वस्तू देऊन टाक, किंवा त्याला तडाखा दे. मराठीतही देणे या क्रियापदाला हे दोन्ही अर्थ आहेत. पुस्तकही दिले जाते आणि थप्पडही दिली जाते. पहिला अर्थ घेतला तर बेंटली आपल्या मित्राला रिव्हॉल्व्हर पोलिसाच्या हवाली करण्यास सांगत होता असे होते, आणि दुसरा घेतला तर तो गोळी झाडण्यास चिथावत होता असे ठरते. आरोपींनी मात्र अर्थाचा वाद घातलाच नाही. असे वाक्य उच्चारलेच गेले नाही, असे दोघांनीही शपथेवर सांगितले. बेंटली पोलिसांच्या ताब्यात आल्यावरही दोघांची संगनमत चालूच होती काय, हा याहून महत्त्वाचा प्रश्न होता. तीन दिवसांच्या त्या खटल्यात त्याला मिळायला हवे होते तेवढे महत्त्व मिळाले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

क्रेगजवळ शस्त्र असल्याचे बेंटलीला ठाऊक होते का, यावरही वाद झाला. त्याचा जबाब पोलिसांनी लिहून घेतला होता. तो त्याने स्वतःहून सलग सांगितला, मध्ये प्रश्न विचारले नाहीत, असे पोलिसांचे म्हणणे होते. पुढे माल्कम कोल्थार्ड या भाषावैज्ञानिकाने या जबाबाची तपासणी केली. मग या अर्थाचा इंग्रजी शब्द सामान्य माणूस बोलताना वाक्याच्या आरंभी ठेवतो. या जबाबात मात्र तो वारंवार कर्त्यानंतर आला होता, आणि ही पद्धत पोलिसांच्या लेखी अहवालांत आढळते. शिवाय जबाबात अशी काही नकारार्थी वाक्ये होती, जी कोणी प्रश्न केल्याखेरीज माणूस आपण होऊन उच्चारणार नाही. निरक्षर मुलाच्या तोंडी घातलेल्या त्या मजकुरातील एका अव्ययाच्या जागेवरून इतके उमगावे, ही भाषेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

ज्यूरीला समारोपाचे मार्गदर्शन करताना लॉर्ड गोडार्ड यांनी बेंटलीचे लोखंडी हत्यार स्वतःच्या हातात चढवून दाखविले आणि पोलिसांच्या शौर्याची वाखाणणी केली. बेंटलीच्या बुद्धिमांद्याचा तपशील ज्यूरीपुढे आला नाही. ७५ मिनिटांच्या विचारविनिमयानंतर ज्यूरीने दोघांनाही दोषी ठरविले, परंतु बेंटलीला दया दाखवावी अशी शिफारसही केली. खुनाला देहदंड हीच एक शिक्षा असल्याने न्यायाधीशांनी ती सुनावली. क्रेगला अनिश्चित मुदतीच्या कैदेत ठेवण्यात आले. तो १९६३ साली सुटला.

फाशी

१३ जानेवारी १९५३ रोजी अपील फेटाळले गेले. आता सारे गृहमंत्री डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांच्या हाती होते. ज्यूरीची शिफारस होती आणि मुख्य गुन्हेगार जिवंत राहणार होता, त्यामुळे फाशी टळेल असा अनेकांचा कयास होता, पण गृहमंत्र्यांनी दया नाकारली. दोनशेहून अधिक खासदारांनी दयेच्या मागणीवर स्वाक्षऱ्या केल्या, तथापि सभापतींनी फाशीपूर्वी या विषयावर चर्चा होऊ दिली नाही. २८ जानेवारीला सकाळी नऊ वाजता अल्बर्ट पिअरपॉइंट याने बेंटलीला फाशी दिली. तुरुंगाबाहेर जमाव जमला होता. गुन्ह्याच्या रात्रीपासून त्या सकाळपर्यंत अवघे ८७ दिवस झाले होते.

कायद्यावरील परिणाम

या फाशीमुळे उसळलेल्या लोकक्षोभाचा इंग्लंडमधील फाशीविरोधी चळवळीला मोठा आधार मिळाला. १९५७ च्या मनुष्यवधविषयक अधिनियमाने, अटकेला विरोध करताना झालेला मृत्यू आपोआप खून मानण्याचा नियम रद्द केला आणि मानसिक दुर्बलतेमुळे जबाबदारी कमी होते हे तत्त्व स्वीकारले. पोलिसाच्या खुनाला फाशी कायम राहिली, मात्र अनेक आरोपी असल्यास ज्याच्या स्वतःच्या कृतीने मृत्यू घडला त्यालाच ती देता येईल अशी तरतूद झाली. याचा अर्थ असा, की हीच घटना पाच वर्षांनी घडती तर बेंटली फासावर गेला नसता. १९६५ साली खुनासाठीची फाशी स्थगित झाली आणि १९६९ मध्ये ती कायमची बंद झाली.

साथीदाराच्या जबाबदारीविषयीचा वाद मात्र तेथे संपला नाही. जोडीदार खून करू शकेल याची केवळ कल्पना असणेही साथीदाराला खुनी ठरविण्यास पुरेसे आहे, अशी भूमिका प्रिव्ही कौन्सिलने १९८४ साली घेतली. २०१६ मध्ये जोगी खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती चुकीची ठरविली. साथीदाराचा स्वतःचा हेतू सिद्ध झाला पाहिजे. कल्पना असणे हा हेतूचा पुरावा होऊ शकतो, पण ते हेतूची जागा घेऊ शकत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

मरणोत्तर न्याय

बेंटलीचा मृतदेह तुरुंगाच्या आवारातच पुरला होता. १९६६ साली अवशेष कुटुंबाच्या स्वाधीन झाले आणि क्रॉयडन येथे त्यांचे दफन झाले. डेरेकवरील कलंक पुसावा म्हणून आईवडिलांनी चालविलेला लढा त्यांच्यानंतर त्याची बहीण आयरिस हिने पुढे नेला. डेव्हिड यॅलप यांच्या १९७१ मधील पुस्तकाने आणि १९९१ च्या चित्रपटाने हा विषय नव्या पिढीपर्यंत पोहोचविला. १९९३ साली बेंटलीला मरणोत्तर माफी मिळाली, परंतु ती केवळ फाशीच्या शिक्षेपुरती होती; खुनाचा ठपका कायम राहिला. आयरिसला हे अर्धे माप मान्य नव्हते.

३० जुलै १९९८ रोजी लॉर्ड बिंगहॅम यांच्या अध्यक्षतेखालील अपील न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. बेंटली निर्दोष होता असे न्यायालयाने म्हटले नाही. योग्य मार्गदर्शन मिळालेल्या ज्यूरीलाही त्याला दोषी ठरविता आले असते, हे त्याने मान्य केले. मात्र पुराव्याच्या भाराविषयी ज्यूरीला नीट समजावले गेले नाही आणि लॉर्ड गोडार्ड यांचे समारोपाचे भाषण इतके एकतर्फी होते, की आरोपीला निःपक्ष सुनावणी मिळालीच नाही, असे न्यायालयाने नमूद केले. आयरिस बेंटली हिचा मृत्यू त्याआधी दीड वर्षे, जानेवारी १९९७ मध्ये झाला होता.